वसंतात ढकललेला डिसेंबर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी फोर्टात, फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या कडेने कॅसेटी आणि सीडी मांडून बसणारे विक्रेते असायचे. तिथे मी बीटल्सची एक सीडी घेतली. कव्हरवर बिनकॉलरचे कोट घातलेली चार पोरं, वर ठसठशीत अक्षरांत 'बीटल्स', आणि खाली कोपऱ्यात, भिंग लावून वाचावं एवढ्या टाइपात, 'लाइव्ह'. घरी येऊन लावली तर शेजारच्या गल्लीतून चाललेल्या वरातीचा बँड बंद खिडकीतून ऐकावा तसा आवाज. ढोल कळतो, गाणं ओळखू येतं, शब्द मात्र अंदाजानेच. एका गाण्यात तर गळा चौघांपैकी कुणाचाच वाटेना. पैसे बुडाले असं धरून ती फळीवर टाकली. तीन-चार वर्षांनी वेगळ्या नावाची, वेगळ्या कव्हरची आणखी एक स्वस्त सीडी दिसली, तीही घेतली, आणि तीच वरात पुन्हा ऐकली.

एकदा फसलो तर विक्रेत्याचं कसब, दुसऱ्यांदा फसलो तर माझा बावळटपणा. पण हा बावळटपणा जगभर हजारोंनी केलेला आहे हे नंतर कळलं. रॉकच्या जुन्या मैफलींचे जे स्वस्त संग्रह सुपरमार्केटच्या रॅकवर, पेट्रोलपंपावर आणि फुटपाथवर वर्षानुवर्षं विकले गेले, त्यांचा धंदा नेमका कसा चालतो हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने हे एकच प्रकरण उलगडून पाहावं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये १९६२ साली भरलेली बीटल्सची टेप. या प्रकरणात पैसा आहे, बिअर आहे, दोन दशकांची कोर्टबाजी आहे, आणि सगळं अडकलंय ते एका साध्या प्रश्नावर: ही टेप १९६२च्या कोणत्या महिन्यात भरली?

क्लब

हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली वस्तीत ग्रोसे फ्रायहाइट नावाच्या गल्लीत ३९ नंबरला एक जुनं सिनेमागृह होतं. मालक मानफ्रेड वाइसलेडर याने तिथे स्टार-क्लब थाटला आणि १३ एप्रिल १९६२ला दारं उघडली. पहिल्याच रात्री बीटल्स वाजवायला होते. त्या वर्षी ते तिथे तीनदा गेले: एप्रिल-मेमध्ये सात आठवडे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन आठवडे, आणि शेवटी १८ ते ३१ डिसेंबर.

या तीन फेऱ्यांच्या मधल्या काळात बँडचं नशीब पालटलं होतं. जूनमध्ये ईएमआय या इंग्लंडच्या रेकॉर्ड कंपनीच्या पार्लोफोन लेबलशी करार झाला. ऑगस्टमध्ये ड्रमर पीट बेस्टला काढून रिंगो स्टारला घेतलं. ५ ऑक्टोबरला पहिली रेकॉर्ड निघाली आणि इंग्लंडच्या यादीत १७व्या नंबरापर्यंत चढली. डिसेंबरची फेरी आधीच कबूल केलेली होती म्हणून करायची, एवढाच तिचा अर्थ उरला होता. घरी नाव होऊ लागलेलं असताना ऐन नाताळात परदेशात, धूर आणि बिअरच्या वासात, रात्र रात्र वाजवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. टेप ऐकताना हे जाणवतं. पोरं चेष्टा करताहेत, गाण्याचे शब्द मुद्दाम बिघडवताहेत, तालाला पळवताहेत. नोकरीचा राजीनामा मंजूर झालेला माणूस शेवटचा आठवडा जसा काढतो, तसं.

मशीन

क्लबचा स्टेज मॅनेजर अ‍ॅड्रियन बार्बर हा स्वतः लिव्हरपूलचा गिटारवाला. त्याने घरगुती ग्रुंडिग स्पूल रेकॉर्डरवर, स्टेजसमोर एकच माइक ठेवून, ही ध्वनिमुद्रणं केली. टेपचा वेग सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे टेप जास्त वेळ पुरावी आणि आवाज जेमतेम यावा असा. स्टुडिओत याच्या दुप्पट-चौपट वेगाने टेप पळवतात. जितकी टेप जास्त खर्ची पडेल तितका आवाज भरदार. इथे खर्च वाचवायचा होता, कारण हे मुद्रण विकण्यासाठी होतंच कुठे? ते होतं टेड टेलरसाठी. हा धिप्पाड गडी 'किंगसाइझ टेलर अँड द डॉमिनोज' या लिव्हरपूलच्याच बँडचा म्होरक्या, आणि त्याच क्लबात वाजवायला होता.

मराठी वाचकाला या प्रसंगाची ओळख वेगळी करून द्यायला नको. आपल्याकडे खासगी मैफलीत पहिल्या रांगेत कुणीतरी स्पूलचं यंत्र घेऊन बसलेला असायचाच. गवयाने मान डोलावली की झाली परवानगी. टेप त्या घरात राहायची, पाहुण्यांना ऐकवली जायची, नक्कल काढायला कुणी मागितली तर आढेवेढे घेऊन दिली जायची. कागद कुणी करत नसे, आणि करायला गेला असता तर तो गवयाचा अपमान ठरला असता. हॅम्बुर्गची टेप याच जातकुळीतली. टेलरचं पुढे म्हणणं असं की चौघांपैकी जॉन लेननला विचारलं होतं, आणि रात्रभर बिअर पाजण्याच्या बदल्यात तो 'हो' म्हणाला होता.

मुद्रण भरलं सुमारे तीन तासांचं. त्यात किमान ३३ वेगवेगळी गाणी, काही दोनदा. बहुतेक सगळी दुसऱ्यांची: चक बेरी, अमेरिकन रॉक अँड रोल, जुनी नाट्यगृहातली गाणी, अगदी जर्मन सिनेमातलं एक गाणंसुद्धा. लेनन-मॅकार्टनींच्या स्वतःच्या रचना फक्त दोन. दोन गाण्यांत तर बीटल्स नुसती साथ करताहेत. एक गातोय क्लबचा वेटर फ्रेड फाशर आणि दुसरं क्लबचा मॅनेजर होर्स्ट फाशर. इतकी ती रात्र घरगुती होती.

वीस पौंड

साठच्या दशकाच्या मध्याला बीटल्सचं नाव सातासमुद्रापार गेलं तेव्हा टेलरने टेप त्यांच्या मॅनेजरला, ब्रायन एप्स्टाइनला, देऊ केली. एप्स्टाइनला तिच्यात व्यापारी मोल दिसलं नाही. त्याने वीस पौंड सांगितले. टेलरने टेप परत नेली.

या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच, असं माझं मत. एप्स्टाइनचा कान चुकला नव्हता. १९६५च्या आसपास त्या टेपला खरंच बाजारभाव नव्हता. चुकला तो हिशेब. टेप विकण्यासाठी घ्यायची नव्हती, दुसऱ्याने विकू नये म्हणून घ्यायची होती. वीसच्या जागी दोनशे पौंड आणि एक सहीचा कागद, एवढ्यात पुढची दोन दशकांची कोर्टबाजी वाचली असती.

पुढे टेपचं काय झालं याच्या दोन कथा आहेत. टेलरची कथा: टेप घरी पडून होती, १९७३ साली तिची किंमत काढायचं मनात आलं. बीटल्सचं सुरुवातीचं काम पाहणारा अ‍ॅलन विल्यम्स याची कथा जास्त रंगतदार: टेलरने ती एका ध्वनिमुद्रकाकडे टाकली होती, आणि १९७२ साली एका ओसाड पडलेल्या ऑफिसातून ती शोधून काढली. दोघं मिळून विकायला निघालेल्या माणसांनी उगमाच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्यात, ही पहिली खूण. वारसाहक्काच्या दाव्यात मृत्युपत्र कुठे सापडलं हे साक्षीदार वेगवेगळं सांगू लागले की वकील कान टवकारतात. इथे टवकारायला अजून कुणी नव्हतं.

१९७३ साली वर्तमानपत्रांत आलं की विल्यम्स बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीकडे किमान एक लाख पौंड मागतोय. नंतर चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो यांना प्रत्यक्ष भेटून तो पाच हजारांवर उतरला. त्या वेळी बँड फुटलेला, पैसे एकमेकांवरच्या दाव्यांत अडकलेले. त्यांनी हात आखडता घेतला. लाखावरून पाच हजारांवर आलेला भाव पाहून, वस्तूला गिऱ्हाईक नाही असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही.

शेवटी पॉल मर्फी या रेकॉर्ड व्यावसायिकाने टेप घेतली आणि तेवढ्यासाठीच लिंगासॉन्ग नावाची कंपनी काढली. जगभरचे वितरणाचे हक्क दुसऱ्या एका कंपनीला दिले, आणि तिने आवाज सुधारण्यावर एक लाख डॉलरहून जास्त खर्च केला. कुठे गाण्याचा तुकडा खराब होता तिथे त्याच गाण्याचा दुसरा तुकडा आणून जोडला. एका माइकच्या टेपमधून गळा आणि ड्रम वेगळे काढण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, त्यामुळे एवढा पैसा ओतूनही वरात खिडकीबाहेरच राहिली.

कव्हरवरचा महिना

बीटल्सनी अल्बम रोखायचा प्रयत्न केला, तो फसला. एप्रिल १९७७ मध्ये दोन तबकड्यांचा, २६ गाण्यांचा अल्बम आधी पश्चिम जर्मनीत आणि लगेच इंग्लंडमध्ये बाजारात आला. जूनमध्ये अमेरिकेत आला तेव्हा चार गाणी काढून टेपमधलीच दुसरी चार घातली होती.

आता मुख्य गोष्ट. कव्हरवरच्या मजकुरात लिहिलं होतं की हे मुद्रण १९६२च्या वसंतातलं आहे. मग ड्रमवर रिंगो कसा, तो तर ऑगस्टमध्ये आला? त्याचंही उत्तर तयार होतं: त्या रात्री पीट बेस्ट नव्हता, म्हणून रिंगो बदली बसला.

टेप वसंतात का ढकलायची? कारण ईएमआयचा करार जूनचा. करारानंतर या चौघांनी वाजवलेल्या सुरांच्या मुद्रणावर ईएमआय बोट ठेवू शकत होती. करारापूर्वीच्या मुद्रणावर तो हक्क पोचत नव्हता. एका महिन्याच्या नावात अख्ख्या अल्बमचं संरक्षण होतं. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात कूळकायद्याच्या तारखेच्या आधीचा खरेदीखताचा दिनांक टाकायचे लोक, त्याच चालीची ही चाल.

पण कव्हर लिहिणाऱ्याने टेप नीट ऐकली नव्हती. टेपवर 'रेमिनिसिंग' हे गाणं आहे. अमेरिकन गायक बडी हॉली १९५९ साली विमान अपघातात गेला, आणि त्याचं हे गाणं त्याच्या मागे १९६२च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा रेकॉर्डवर आलं. वसंतात ते हॅम्बुर्गच्या पोरांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकी आवृत्तीत 'शीला' आहे. टॉमी रो याचं ते गाणं सप्टेंबर १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं. 'आय रिमेंबर यू' हे गाणं चाळीसच्या दशकातलं, पण बीटल्स ते माउथ ऑर्गनवर ज्या धाटणीत वाजवतात ती धाटणी फ्रँक आयफिल्डची, आणि त्याची रेकॉर्ड जुलै १९६२ मध्ये इंग्लंडात गाजली. स्टेजवरच्या बोलण्यात नाताळचा उल्लेख येतो तो वेगळाच. कव्हर सांगतंय वसंत, आणि तबकडी प्रत्येक बाजूला डिसेंबर म्हणतेय.

गंमत पाहा, अमेरिकेतल्या आवृत्तीतून काढलेल्या चार गाण्यांत 'रेमिनिसिंग' होतं. पण आत आलेल्या चारांत 'शीला' होती! कुणी पुरावा पुसायला गेला होता असं मला वाटत नाही. पुसायचा असता तर इतक्या ढिसाळपणे पुसला नसता.

पूर्ण किमतीत पडलेला माल

एक योगायोग या प्रकरणात फार उपयोगी पडतो. त्याच सुमारास, मे १९७७ मध्ये, ईएमआयने बीटल्सचा अधिकृत लाइव्ह अल्बम काढला. लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर १९६४ आणि १९६५ साली तीन ट्रॅकच्या यंत्रावर भरलेली मुद्रणं, त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने पुन्हा हाताखालून घातलेली. किंचाळणाऱ्या पोरींच्या आवाजात बँड बुडालेला असूनही तो इंग्लंडात पहिल्या नंबरावर आणि अमेरिकेत दुसऱ्यावर गेला. स्टार-क्लबचा अल्बम अमेरिकेत १११च्या वर चढला नाही.

स्वस्त संग्रहांचा जन्म इथे आहे. लाखभर डॉलर घातलेला माल पूर्ण किमतीत खपला नाही की मालकाकडे एकच वाट राहते: तोच माल थोड्या थोड्या मुदतीसाठी, थोड्या थोड्या पैशांत, ज्याला पाहिजे त्याला भाड्याने देणं. एकदा भाड्याने देणं सुरू झालं की भाडेकरू किती झाले हे मालकही मोजत नाही.

१९७९ साली पिकविक कंपनीने तो घेतला. पिकविक म्हणजे या धंद्यातलं जुनं घराणं. औषधांच्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये साबणाच्या वड्यांशेजारी रेकॉर्डी लावणारी. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या पिकविकमध्ये लू रीड नावाचा, पुढे रॉकमध्ये नावाजलेला पोरगा पगारावर गाणी पाडत होता, मागणी तसा पुरवठा. पिकविकने आवाजात आणखी थोडी फेरफार केली आणि दोन खंड काढले. त्यांत 'हली गली' हे गाणंही बीटल्सच्या नावावर घातलं. ते बीटल्सचं नव्हतंच! त्याच क्लबात वाजवणाऱ्या क्लिफ बेनेट अँड द रेबेल राउझर्स यांचं होतं. स्पूल पुढे फिरत राहिला होता, मंचावर बँड बदलला होता, आणि खोक्यावर नाव एकच होतं.

हे वाचलं त्या रात्री मी फळीवरची पहिली सीडी शोधून काढली. तो परका गळा वेटरचा की मॅनेजरचा, असा माझा समज होऊ लागला होता. दोघांचाही नव्हता. 'हली गली'च. वीस वर्षांपूर्वीची चूक, तीन कंपन्यांच्या हातांतून, जशीच्या तशी माझ्या घरात पोचली होती. स्वस्त अल्बम बनवणारा टेप ऐकत नाही. तो आधीच्या अल्बमची यादी उतरवून घेतो.

१९८१ साली इंग्लंडमध्ये ३० गाणी पहिल्यांदा एकत्र आली. मग ऐंशीचं दशक संपेपर्यंत आणि नव्वदच्या दशकातही हीच ३० गाणी दहा-दहा, बारा-बारांच्या जुड्या बांधून निघत राहिली. नावात कधी 'हॅम्बुर्ग', कधी 'सुरुवातीची वर्षं', कधी नुसतं 'लाइव्ह'. जोडीला आणखी दोन विहिरींचं पाणी मिसळलं जायचं. एक, १ जानेवारी १९६२ला लंडनच्या डेका कंपनीत दिलेली परीक्षा, जिच्यात ते नापास झाले. आणि दोन, १९६१ साली हॅम्बुर्गमध्येच टोनी शेरिडन या गायकाला केलेली साथ. बीटल्सच्या नावाची कुठलीही संशयास्पद स्वस्त सीडी उलटी करून पाहा, गाणी बहुधा या तीन जागांहून आलेली दिसतील. १९६२ हे वर्ष डेकाच्या नकाराने सुरू झालं आणि ग्रुंडिगच्या स्पूलवर संपलं, आणि दोन्ही टोकं एकाच रॅकवर विकली गेली.

कव्हरांबद्दलही बोललं पाहिजे. मुद्रण १९६२चं, आणि फोटो बहुधा १९६३-६४चे, कारण गिऱ्हाईक ओळखतं ते त्या केसांना आणि त्या कोटांना. 'लाइव्ह' शब्द लपवायचा, कारण स्टुडिओतलं गाणं समजून लोक घेतात. आणि गाण्यांच्या यादीत ओळखीचं एक नाव सगळ्यात वर. मी त्याच एका नावाला भुललो होतो.

कायद्याची फट

हे सगळं उघडपणे कसं चाललं? चोरीच्या पायरेटेड कॅसेटींसारखं हे काळोखात चालत नव्हतं. नावपत्ता असलेल्या कंपन्या कर भरून विकत होत्या.

एका रेकॉर्डमध्ये तीन हक्क असतात. गाणं रचणाऱ्याचा, मुद्रण करणाऱ्याचा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा. रचनाकाराला त्या काळी गाणं अडवता येत नव्हतं. इंग्लंडच्या १९५६च्या कायद्यानुसार एकदा गाणं रेकॉर्डवर आलं की दुसरा कुणीही सव्वासहा टक्के मानधन देऊन ते छापू शकत होता. अमेरिकेतही अशीच सक्तीची परवानगी होती. शिवाय तीसपैकी अठ्ठावीस गाणी बीटल्सची नव्हतीच. मुद्रणाची मालकी ज्याच्या यंत्रावर, ज्याच्या टेपवर, त्याची, असा दावा करता येत होता. उरला वादकाचा हक्क, आणि तोच सगळ्यात लंगडा. इंग्लंडच्या १९५८च्या कायद्यात लेखी संमतीशिवाय मुद्रण करणं गुन्हा होता खरा, पण गुन्हा म्हणजे दंड. वादकाला स्वतः दिवाणी दावा लावून माल बाजारातून उचलायला लावता येतो का, हे कित्येक वर्षं धूसर होतं. पीटर सेलर्स या नटाच्या मृत्यूनंतर त्याच्या न वापरलेल्या दृश्यांवरून एक सिनेमा जोडला गेला, तेव्हा ऐंशीच्या दशकात त्याच्या वारसांनी लढून हा मुद्दा जिंकला. मग १९८८च्या कायद्याने वादकांना सरळ दिवाणी हक्क दिला, आणि महत्त्वाचं म्हणजे तो जुन्या सादरीकरणांनाही लागू केला. १९६२ची ती रात्र या नव्या छताखाली आली.

जर्मनीची फट वेगळी होती. तिथला कायदा जर्मन कलाकाराला जगात कुठेही गायलं तरी जपायचा, परक्याला मात्र अटी लावायचा. इंग्लंडचा गायक फिल कॉलिन्स याने १९८३ साली कॅलिफोर्नियात केलेला कार्यक्रम त्याला न विचारता सीडीवर घालून जर्मनीत विकला गेला, आणि तो विकणारा कायद्याच्या चौकटीत होता! हे प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं. २० ऑक्टोबर १९९३च्या निकालाने सांगितलं की युरोपीय समुदायातल्या देशाच्या नागरिकाला परका म्हणून कमी हक्क देता येणार नाहीत. क्लिफ रिचर्ड या दुसऱ्या इंग्लिश गायकाच्या पन्नासच्या दशकातल्या मुद्रणांचं प्रकरणही याच निकालात आलं. रॉकच्या लाइव्ह सीडींच्या एका अख्ख्या बाजाराखालची जमीन त्या दिवशी सरकली.

आपल्याकडे याच काळात काय होतं? देव आनंद यांच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी म्हटलं होतं की सिनेमातल्या नटाच्या अभिनयावर त्याचा वेगळा कॉपीराइट नाही. कलाकारांचे हक्क भारताच्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आले, आधी २५ वर्षांसाठी आणि १९९९ मध्ये ५० वर्षांसाठी. खासगी मैफलीच्या टेपा घरात बाळगणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक आहे कोण जाणे.

मे १९९८

१९९१ मध्ये सोनीसारख्या बड्या कंपनीने ही टेप सीडीवर आणली. बीटल्सनी दावा लावला, सोनीने माल मागे घेतला. कायदा बदलल्याची ही पहिली पावती. पण लिंगासॉन्गने १९९६ मध्ये ती पुन्हा काढली, आणि आता अ‍ॅपलने मुळावरच घाव घालायचं ठरवलं.

लंडनच्या उच्च न्यायालयात मे १९९८ मध्ये सुनावणी झाली तेव्हा जॉर्ज हॅरिसन स्वतः साक्षीला उभा राहिला. लेनन १९८० साली गेलेला. बिअर घेऊन 'हो' म्हटलं की नाही हे सांगायला तो नव्हता. हॅरिसनने दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. एक, असं काही मुद्रण चाललंय हे बँडला माहीत नव्हतं. दुसरी, समजा लेनन हो म्हणालाही असेल, तरी चौघांच्या वतीने एकटा कसा देऊ शकतो? एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्यांचा आवाज भरला म्हणून तो व्यवहार होत नाही, अशा आशयाचं त्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आलं. निकाल बीटल्सच्या बाजूने लागला. टेपवरचा आणि तिच्या वापरावरचा हक्क त्यांच्याकडे आला.

कायद्याने हे बरोबरच झालं. लेखी संमती नव्हती, कव्हरवरची तारीख खोटी होती, आणि एका मग बिअरवर चार माणसांचं काम विकलं गेलं होतं. पण आपल्या नावावर निघालेलं हे सगळ्यात टाकाऊ मुद्रण, असंही हॅरिसन म्हणाला, आणि तिथे मी त्याच्या बाजूला नाही. बीबीसीवर हीच मंडळी पुढे याच गाण्यांतली बरीच गायली, स्वच्छ आवाजात, टाय लावून. त्यात ही धग नाही. स्टार-क्लबच्या टेपवर चक बेरीचं गाणं ज्या वेगाने सुटतं, तो वेग नंतर कुठल्याही स्टुडिओने त्यांना दिला नाही. रोज रात्री चार-चार तास वाजवून बोटं घासलेल्या बँडचा आवाज कसा असतो, याचा जवळपास एकमेव पुरावा हाच. तो टिकला तो कुणाच्या कलाप्रेमामुळे नव्हे. साबणाच्या वड्यांशेजारी विकणाऱ्यांनी तो टिकवला, आणि तोही चुकीच्या नावांसकट.

अ‍ॅपलने टेप ताब्यात घेतली, पण बाजारात काढलेली नाही. १९९५ मध्ये बँडच्या जुन्या मुद्रणांचा जो मोठा अधिकृत संग्रह निघाला होता, त्यात डेकाची परीक्षा आहे, शेरिडनबरोबरचं काम आहे. स्टार-क्लबचं एकही गाणं नाही. क्लबची इमारत १९८३ मध्ये जळाली, पुढे पाडली गेली, आणि ग्रोसे फ्रायहाइट ३९ला आता तिथे वाजवून गेलेल्यांच्या नावांचा दगड तेवढा आहे.

माझ्याकडच्या दोन्ही सीडी अजून आहेत. पहिलीच्या मागे गावही नाही आणि सालही नाही. दुसरी नंतरची, तिच्या मागे बारीक अक्षरांत छापलंय: हॅम्बुर्ग, जर्मनी, १९६२. महिना गाळलाय.